पुढची तारीख

"आज तडजोड झालीच म्हणून समजा, कुमुदताई," सय्यद वकील खुशीत म्हणाले.

समोर नाईकनवरे बसले होते. त्यांच्याच गाडीच्या धडकेत ताईंचा गुडघा कायमचा गेला होता. नव्या कायद्याप्रमाणे सुनावणी चालेल तेवढा वेळ वादीचं दुखणं प्रतिवादीलाही सोसावं लागे. शिपायाने दोघांच्या पायांना पट्टे बांधले आणि नाईकनवऱ्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

जरा वेळाने ते हळूच म्हणाले, "आज जिना चढून आलात ना? गेल्या तारखेपेक्षा जास्त ठणकतंय."

"हो. लिफ्ट बंद होती," ताई म्हणाल्या.

घरी त्या एकट्याच असत. लेक फोनवर "गोळी घे गं" म्हणायची आणि दुसराच विषय काढायची. आज ठणका जास्त आहे, हे न सांगता दुसऱ्या कुणाला कळलंच नव्हतं.

"इथे सही करा," वकिलांनी कागद पुढे सरकवला. "खटला मिटला, पट्टेही सुटले."

ताईंनी पेनाला टोपण लावलं.

"पुढची तारीख मागा, वकीलसाहेब."

समोर नाईकनवऱ्यांनी गुडघा दोन्ही हातांनी घट्ट आवळला. ताईंनी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.