फक्त शुद्धलेखन

साहेबांनी तिचा बदल पुन्हा परत पाठवला. खाली शेरा होता, "मुद्दा गंभीर आहे. समितीत घेऊ."

समिती म्हणजे साहेब, साहेबांचे मेहुणे आणि एक रिकामी खुर्ची. तिघांत खुर्चीच जरा समजूतदार होती. ती निदान मध्ये बोलत नसे.

हे कार्यालय डिस्प्ले सर्व्हर बनवत असे. म्हणजे संगणकाच्या पडद्याचा कारभारी. कुठली खिडकी पुढे, कुठली मागे, बाण कुठे फिरतोय, सगळं त्याच्या हातात. या कारभाऱ्याला एक खोड होती. अक्षरं मोठी कर म्हटलं की तो कधीकधी पडदाच काळा करून मोकळा होई. तिने ती खोड हुडकली होती आणि प्रोग्रॅमच्या चार ओळी बदलून काढलीही होती. पण पावसाळा गेला, थंडी सरली, त्या चार ओळी समितीच्या दाराशी बसूनच होत्या. साहेबांना कळेल असा बदल दाराशी थांबत नसे. न कळणारा मात्र गंभीर ठरे.

तिला घाई होती ती बाबांसाठी. बाबा घरबसल्या, हाच कारभारी असलेल्या संगणकावरून, एका शाळेच्या मुलांना गणित शिकवत. नजर मंदावली होती. अक्षरं मोठी केल्याशिवाय आकडे दिसत नसत आणि मोठी केली की पडदाच जाई. त्या दुपारी त्यांचा फोन आला.

"अगं, आज भागाकाराच्या ऐन मध्यावर अंधार. मी चाचपडत बसलो. पोरं म्हणाली, सर झोपले."

"मग?"

"मग काय, शाळेच्या मोठ्या बाईंच्या कानावर गेलं. म्हणाल्या, सोमवारी एकदा बघू, नाहीतर तुम्ही आता आराम करा. आराम म्हणजे काय, ते कळतं गं मला."

फोन ठेवून ती साहेबांच्या शेऱ्याकडे बघत राहिली. समिती कधी बसणार, हे समितीलाही ठाऊक नव्हतं.

साहेबांचा जीव एकाच गोष्टीत होता, शुद्धलेखनात. सॉफ्टवेअरबरोबर एक माहितीपुस्तिका जाई आणि दोन्हींतले बदल एकाच गठ्ठ्यात मंजुरीला येऊ शकत. तिच्यातली एखादी वेलांटी कुणी सुधारली की साहेब चहा निवायच्या आत मंजुरी देत आणि वर "वा!" असं लिहीत. त्यात डोकं चालवावं लागत नसे आणि वरच्यांना दाखवताना काम तर झालेलं दिसे. "आपल्याइतकं शुद्धलेखन कुणी सुधारत नाही," असं ते आल्यागेल्याला सांगत.

ते खोटं नव्हतं. जुनी मंडळी सतत काही ना काही सुधारत असत. आज एकाने उकार सुधारला, उद्या दुसऱ्याने अनुस्वार. मात्र कुणीही एका वेळी एकाहून जास्त चुकीला हात लावत नसे. ही कसली कामचुकार माणसं, असं तिला वाटे. कित्येक वर्षं हे चाललं होतं, तरी पुस्तिका आपली चुकांनी लगडलेलीच.

शुक्रवारी तिने पुस्तिका उघडली. 'पडदे आणि खिडक्या' हा धडा घेतला आणि झाडूनपुसून लख्ख केला. एक वेलांटी उलटी ठेवली नाही, एक उकार आखूड ठेवला नाही. चोरी करण्याआधी चोराने देवाला मोठा हार घालावा, तशातला प्रकार. मग त्या सगळ्या ढिगात आपल्या चार ओळी सरकवल्या, वर मथळा दिला, 'फक्त शुद्धलेखन', आणि डोळे मिटून बटण दाबलं.

साहेबांनी बदल तपासला. म्हणजे मथळा वाचला.

"वा बाई, वा! अख्खा धडा! शिका जरा यांच्याकडून!" असं म्हणत ते खोलीतून बाहेर आले आणि टाळ्या वाजवू लागले. त्या त्यांच्या एकट्याच्याच वाजल्या. जुन्या मंडळींपैकी कुणी मानही वर केली नाही. एकाने तर तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्याच्या डब्यातलं खाल्लं होतं. जळतात मेले, असं ती मनात म्हणाली.

मंजूर झालेला बदल शनिवार-रविवारी बाबांच्या संगणकावर आपोआप पोचला. सोमवारी दुपारी बाबांचा फोन आला. आवाज पोरासारखा झाला होता. "अगं, भागाकार पुरा झाला! बाकी शून्य!"

डोळे पुसून ती मागे वळली, तर काका उभे. काका म्हणजे तिथला सगळ्यात जुना माणूस. या कारभाऱ्याला रांगायला शिकवलं ते त्यांनीच, असं म्हणत. चेहरा ताठ होता.

"शुक्रवारचा तुझा बदल वाचला मी."

"धडा ना?"

"धडाही वाचला. मधल्या चार ओळीही वाचल्या."

तिने मनात हिशेब मांडला. बाबांची शिकवणी वाचली, आपली नोकरी गेली. "काका, साहेबांना सांगायचं तर सांगा. पण त्या ओळी काढू नका. दुसरा रस्ताच नव्हता हो."

"ओळींचं कोण बोलतंय? ओळी चांगल्या आहेत."

"मग?"

काकांनी साहेबांच्या दाराकडे पाहिलं, खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला. ते खरोखरच चिडले होते.

"अख्खा धडा कशाला पुसून काढलास, पोरी? एक बदल आत न्यायला एक चूक पुरते. बाकीच्या आम्हाला लागतात."