चारची लाइन

"काकू, चार मिनिटांनी काय बिघडतं?" टेबलाखालून प्रणोतीनं विचारलं.

"बिघडतं," सुनेत्राबाई म्हणाल्या. "काल कारखान्याचा भोंगा आधी झाला, कॉम्प्युटरवर चार नंतर वाजले. ह्यांनी ताटाला हात लावला नाही."

खालच्या मजल्यावरची प्रणोती कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. तिला बोलावून अर्धा तास झाला होता. आता तीन पस्तीस.

आतल्या खोलीतून शरच्चंद्ररावांनी हाक मारली. सुनेत्राबाईंनी जाऊन त्यांच्या रेल्वेतल्या कोटाची बटणं लावून दिली आणि परत आल्या.

"चारला मीटिंग असते का काकांची?"

"रोज. सगळे लाइनवर येतात. ह्यांच्याशिवाय कोणाचं काम पुढे सरकत नाही."

"ब्याऐंशीव्या वर्षी! आमचे हे तर बावन्नाव्या वर्षीच सोफ्यावर पसरून राहिले." प्रणोतीनं एक वायर ओढली. "ही कुठं जाते? काढू?"

"तिला हात लावू नकोस!" बाईंचा आवाज चढला. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "टेलिफोनची आहे. स्वयंपाकघरात जाते."

प्रणोती खुर्चीवर बसली. कॉम्प्युटरमधला सेल गेला होता, म्हणून त्याचं घड्याळ मागे पडत होतं. सेल उद्या मिळाला असता. तोवर दूरच्या सर्व्हरकडून वेळ मागवायची, एवढंच. पण उत्तर येईना. तिनं सर्व्हर बदलला. राउटर बंद करून चालू केला. पुन्हा तेच.

"चलो, काकू, उद्या बघू. सर्व्हर काहून बोलून नाही राहिला, समजत नाही."

"उद्या नाही. आजच." बाईंनी दारापुढे खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसल्या. "पलीकडून उत्तर आलं नाही, की आमच्या काळी आधी मधली लाइन तपासायचे. मध्ये कोणी अडवतंय का, बघ."

प्रणोती थबकली. मग तिनं अँटिव्हायरस उघडला. गेल्या आठवड्यात नवा टाकलेला. तोच वेळेची वाट अडवून बसला होता. तिनं वाट मोकळी केली, बटण दाबलं. पडद्यावरचे मोठे आकडे एकदम पुढे सरकले. तीन छप्पन्न.

"अच्छा! काकू, नोकरी देऊ का कॉलेजात?"

"वड्या नेशील का घरी?" म्हणत बाईंनी तिच्या हातात डबा दिला आणि तिला दारापर्यंत पोचवलं.

शरच्चंद्रराव पडद्यासमोर ताठ बसले. टेबलावरच्या काळ्या टेलिफोनवर त्यांनी हात ठेवला. सुनेत्राबाई स्वयंपाकघरात गेल्या, दार लावलं, कोमट पाणी प्यायल्या, घसा खाकरला.

चार वाजले. त्याच क्षणी भोंगा झाला.

"सभी स्टेशन," बाहेरच्या खोलीतून शरच्चंद्ररावांचा खणखणीत आवाज आला. "चार बजे हैं. घड़ी मिलाओ."

सुनेत्राबाईंनी ओट्यावरचा दुसरा रिसीव्हर उचलला, नाक चिमटीत धरलं आणि जाड्या आवाजात म्हणाल्या, "मदन महल स्टेशन. मिल गई, साहब."

मग तोंडावर पदर धरून, जरा बारीक आवाजात, "भेड़ाघाट स्टेशन. मिल गई, साहब."