घरचं माणूस

"आजी, माझा पूल पडला!" चिमणी ओरडली आणि सगळं खेळघर चिडीचूप झालं.

दोन महिन्यांत या पोरीच्या तोंडून कुणी अक्षर ऐकलं नव्हतं. मुलांना खेळायला कणीक मळणाऱ्या खेळघराच्या ताईंचे हात परातीत तसेच थांबले. आजी मात्र काही विशेष घडलंच नाही अशा आवाजात म्हणाल्या, "पडेना का. पुन्हा बांधू. तू ठोकळे दे, मी धरते."

ताईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि मनगटानं डोळे पुसले.

खेळघर म्हणजे वाचनालयामागची एक लांबट खोली. जमिनीवर रबरी चटया, कोपऱ्यात वाळूची पेटी आणि गुडघ्याएवढी टेबलं. शाळेचं वय व्हायच्या आधीची मुलं सकाळी तिथं यायची. ताईंचा नियम एकच, पण पक्का होता. मुलाबरोबर घरचं एक माणूस बसलंच पाहिजे.

"मूल ठेवून जायचं असेल तर पाळणाघरं आहेत," त्या सांगायच्या. "इथं मोठ्यांनीही खेळायचं."

बेकरीवाला बाप पिठाळलेल्या शर्टानिशी यायचा. शिवणकाम करणारी आपल्या जुळ्यांना घेऊन यायची. आणि चिमणीबरोबर आजी.

पहिल्या दिवशी ताईंनी दार उघडलं, तेव्हा या दोघी पायरीवर उभ्या होत्या. आजींनी पोरीचं बोट धरलं होतं.

"तुम्ही बसाल ना हिच्यापाशी?" ताईंनी विचारलं.

"बसेन की," आजी म्हणाल्या. "मला दुसरा कुठला कारभार आहे?"

सुरुवातीला चिमणी आजींच्या पाठीमागे लपून असायची. कुणी जवळ आलं की अंग आखडून घ्यायची. आजींनी तिला कधी पुढे ढकललं नाही. गुडघे कुरकुरत असले तरी त्या खाली चटईवर बसायच्या आणि एकट्याच वाळूचे डोंगर करायच्या. मग एक दिवस पाठीमागून एक छोटा हात वाळूत आला.

हळूहळू आजी सगळ्यांच्याच झाल्या. जुळी रात्रभर रडतात म्हणून शिवणकाम करणारी एकदा हुंदके देऊ लागली, तेव्हा दोन्ही पोरांना मांडीवर घेऊन आजी तिला म्हणाल्या, "तू जा, तिथं भिंतीला टेकून डोळे मीट." ती गाढ झोपली. कुणी तिला उठवलं नाही. बेकरीवाल्याची बायको घर सोडून गेली होती. लेकीची वेणी घालायला त्याला आजींनीच शिकवलं.

स्वतःच्या घराविषयी मात्र त्या थांग लागू देत नसत.

"घरी कोण कोण असतं?" ताईंनी एकदा विचारलं.

"चार भिंती आहेत. मी त्यांची सासू."

ताई हसल्या. "चिमणी मुलाची की मुलीची?"

"आता माझी आहे. एवढं पुरे नाही का?"

काहीतरी दुखरं असणार, असं समजून ताईंनी विषय सोडला. पुढे एका दुपारी त्यांना खिडकीतून फाटक दिसलं. एक तरुण बाई घाईघाईनं आली, चिमणीला कडेवर घेतलं, आजींशी दोन शब्द बोलली आणि निघून गेली. आजी फाटकाचे गज धरून बराच वेळ बघत राहिल्या. मग उलट्या दिशेनं चालू लागल्या, एकट्या.

म्हणजे म्हातारीला वेगळं ठेवलंय, ताईंच्या मनात आलं. नात सांभाळायला ती हवी, घरात मात्र नको. त्या न पाहिलेल्या घरावर त्यांनी रागच धरला.

थंडी वाढली आणि आजी यायच्या बंद झाल्या. चिमणीही येईना. पहिल्या दिवशी कुणाला काही वाटलं नाही. नंतर मात्र जो तो दाराकडे बघू लागला. चार दिवस झाले तेव्हा शिवणकाम करणारी म्हणाली, "ताई, घरी जाऊन बघू या का?" आणि तेव्हा ताईंच्या लक्षात आलं, घर कुठं आहे तेच त्यांना ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दारात ती तरुण बाई उभी राहिली. अंगावर इस्पितळाच्या धुलाईखान्याचा निळा कोट, डोळे तांबारलेले. चिमणी तिच्या कमरेला बिलगली होती.

"आजी...?" त्यांना पुढे विचारवेना.

बाईनं मान खाली घातली. "मी रोज येत होते, ताई. फाटकाशी त्या दिसल्या नाहीत की ही लोळण घ्यायची. मग हिला कामावर घेऊन जायचे. काल मुकादमानं ताकीद दिली. हिनं पुन्हा बोलणं टाकलंय."

"आणि त्यांचं काय?" इतक्या महिन्यांचा राग ताईंच्या जिभेवर आला. "तुम्हाला लेकराची आणि नोकरीची पडली आहे. त्यांनी या पोरीला बोलती केली. मी मूठभर कणकेची चिमणी करून दिली तर हिच्याइतक्याच त्या हसायच्या. एवढी माया करणारी सासू एकटी राहते, आजारी आहे की काय याची चौकशी तरी केलीत?"



बाई ताईंकडे बघतच राहिली. "सासू? मला सासू नाही, ताई. आईसुद्धा नाही." तिनं चिमणीला जवळ ओढलं. "पहिल्या दिवशी मला कामावर उशीर झाला होता. त्या या पायरीवर उभ्या होत्या. मी विचारलं, खेळघर हेच का? त्या म्हणाल्या, हेच, ठेव माझ्यापाशी. तेव्हापासून रोज त्यांच्याच हाती देऊन जातेय. मी तर त्यांचा पत्ता विचारायला आले होते... मला वाटलं, त्या तुम्ही कामाला नेमलेल्या बाई आहेत."