शिकायचं कुठं?

आईच्या गुडघ्यांची कळ गोळ्यांना दाद देईना, तसा सक्करदऱ्याच्या डॉक्टर घाटोळ्यांचा जीव थाऱ्यावर राहीना. पुण्याचा आयुर्वेदाचा कोर्स वर्षभराचा, मद्रासचा योगवर्ग थेट उन्हाळ्यात. तोवर आईनं नुसतं कण्हत बसायचं? अखेर दवाखान्याला कुलूप ठोकून, कपाळावर टोपी ओढून ते उमरेडच्या एसटीत बसले. ज्या नत्थूजी वैद्याला ते चारचौघांत भोंदू म्हणत, त्याच्याचकडे रोगी म्हणून जायचं आणि तो तेल कसं चोळतो ते पाहून यायचं!

दारात वैद्याची बायको धापा टाकत उभी होती.



"घरी नाहीत गा भाऊ ते. माह्या दम्याले त्यांचा काढा लागून नाही राहिला, म्हणून पेशंटचं सोंग घेऊन गेले सक्करदऱ्याच्या डॉक्टरकडं, तो काय देते ते शिकाले."