रांगेत शेवटी

"हनुवटी छातीला चिकटव, मग मार कोलांटी!" सात वर्षांच्या पोरीनं हुकूम सोडला.

"हो, ताई," एकसष्ट वर्षांच्या मालिनीबाई गादीवर ओणव्या होत म्हणाल्या.

व्यायामशाळेचा रिवाजच होता तो. रांग वयाची नाही, नाव घातलेल्या दिवसाची. आधी आलेली ती ताई. मालिनीबाईंच्या मागे कुणीच नव्हतं.

महिनाभर त्या कधी डावीकडे कलंडल्या, कधी उजवीकडे. आज मात्र पाठ गोल झाली आणि त्या थेट पायांवर उभ्या राहिल्या. पोरींनी टाळ्या पिटल्या.

धापा टाकत, खुशीत त्या रांगेच्या टोकाला परतल्या. तिथे आजच नाव घातलेली एक चिमुरडी उभी होती.

"ताई, मला भीती वाटते."

हाक आपल्यालाच आहे, हे मालिनीबाईंना जरा वेळानं कळलं. मग ओढणी कमरेला घट्ट बांधून त्या म्हणाल्या, "हनुवटी छातीला चिकटव!"