पान आठवरचं वाक्य

"हिवाळ्यात मदतीचं धान्य थांबवलं, तर उत्तर कोरियातली भुकेली जनता स्वतःच बंड करेल." संचालक कोलमन यांनी पान आठवरचं वाक्य मोठ्यानं वाचलं. "कुणाची हरकत?"

टेबलाभोवती बसलेल्या कुणाचीच नव्हती. १९९७चा ऑक्टोबर होता. वॉशिंग्टनमधल्या या कोरिया-अभ्यास संस्थेचा अहवाल शुक्रवारी सिनेटरांच्या हाती पडायचा होता.

भिंतीलगतच्या खुर्चीत उपासना साळवे मीटिंगच्या नोंदी घेत होती. ती इथली इंटर्न. मूळची बीडकडची, गेवराईची, एम.ए.साठी अमेरिकेत आलेली. इंटर्ननं मीटिंगमध्ये बोलायचं नाही, हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पीएच.डी.च्या अर्जाला कोलमन यांचं शिफारसपत्र लागणार होतं, तेही अजून मिळायचं होतं.

तिनं वाक्य उतरवून घेतलं. पुढे पेन सरकेना.

"सर, असं होत नाही."

सगळ्यांच्या माना वळल्या.

"काय होत नाही?" कोलमन यांनी विचारलं.

"भुकेली माणसं बंड करत नाहीत, सर. रांगेत उभी राहतात. आमच्याकडे बाहत्तर साली दुष्काळ पडला, तेव्हा माझी आई दिवसभर खडी फोडायची. मी पोटात होते. संध्याकाळी मिलोसाठी रांग. तुमच्याच देशातून आलेली लाल ज्वारी होती ती. आई सांगते, सरकारला शिव्या द्यायचंही त्राण नसायचं. मनात एकच, आपला नंबर लागेपर्यंत पोतं संपू नये."

कोलमन रागावले नाहीत. "उपासना, ही घरातली आठवण झाली. पुरावा नव्हे. हे नोंदीत घेऊ नकोस."

"यस, सर." शिफारसपत्र आता विसरायचं, असं तिनं मनाशी म्हटलं.

"मग माझं लिहून घे," डॉ. युन म्हणाले.

संस्थेतले ते सगळ्यात जुने अर्थतज्ज्ञ, मूळचे कोरियातले. पंधरा वर्षांत त्यांनी आकड्यांपलीकडे काही सांगितल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"पुसान, जानेवारी एक्कावन्न. मी नऊ वर्षांचा होतो. युद्धातल्या निर्वासितांच्या छावणीत पेजेसाठी रांग लागायची. पहिल्या दिवशी धाकट्या बहिणीचा हात धरून उभा होतो. चौथ्या दिवशी एकटाच. तरी रांग सोडली नाही."

उपासनानं शब्दन् शब्द लिहिला. तिला कुणी थांबवलं नाही.

कोलमन यांनी पेनचं टोपण काढलं आणि पान आठवरच्या त्या वाक्यावर आडवी रेघ मारली. मग मान वर न करताच विचारलं, "युन, बंड करावंसं कधी वाटलंच नाही?"

"वाटलं ना," डॉ. युन म्हणाले. "पहिल्यांदा पोटभर जेवलो, त्या दिवशी."