यंदा एकच बंदूक

खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून ऑरिनने शिकारीचं नावच काढलं नव्हतं. मोंटानाच्या डोंगरांवर पहिला बर्फ पडला, तसा तो आपली रायफल घेऊन धाकट्या बहिणीच्या गॅरेजात आला. थेल्मा तिथेच रायफली बनवायची, ज्याच्या त्याच्या अंगाला बसतील अशा करून द्यायची.

"विकून टाक ही," तो म्हणाला. "एक बार काढला की दिवसभर हात वर होत नाही. बघ कुणी गिऱ्हाईक."

"बघते," म्हणत थेल्माने ती ठेवून घेतली.

शिकारीचा हंगाम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी तिने त्याला बोलावलं. रायफलीला अक्रोडाच्या लाकडाचा नवा दस्ता होता. वजनाने धक्का जिरावा म्हणून त्याच्या पोटात शिसं भरलेलं, खांद्याला टेकणाऱ्या टोकावर जाड, मऊ रबर. ऑरिनने घरामागच्या माळावर जाऊन भीतभीतच बार काढला. खांदा चाचपला. मग दुसरा काढला.

"अगं, दुखत नाहीये!" तो ओरडलाच. पण परत येताना रायफल हातात तोलून त्याचा चेहरा उतरला. "बंदूक आहे की ऐरण? हे धूड चढावर नेणार कोण?"

"मी नेईन. तू नुसता बार काढ."

"वेडी आहेस का? तुझी स्वतःची असते ना खांद्यावर?"

थेल्मा तेलाचे हात फडक्याला पुसत राहिली.

"माझी यंदा घरीच राहू दे, दादा. आपल्या दोघांना एक हरीण पुष्कळ झालं."